पेन्सिलीने विचारलेला प्रश्न

२ मार्च, सोमवार

आज मॅडमनी मला लेखिका केलं. रक्तपेढीत बावीस वर्षं लोकांच्या दंडात सुया खुपसल्यावर मिळालेली ही बढती. खुर्ची तीच, सुई तीच, वर एक कोरी वही.

झालं असं, की बाहेरच्या टेबलावर येणारा प्रत्येक माणूस तेच ते प्रश्न विचारतो. रक्त दिलं की परत भरतं का? चक्कर येते का? सुई केवढी असते? (सुई दाखवायची नाही. दाखवली की प्रश्नही संपतात आणि माणूसही पळतो.) मॅडम म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. त्यांनी दुपारी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की अठ्ठावीस तारखेच्या शिबिरात वाटायला एक पुस्तिका हवी, 'रक्ताविषयी नेहमीचे प्रश्न', सोळा पानं. आणि ती डासताई लिहील.

डासताई मीच. रक्त काढते म्हणून. घरी नवरा नुसतं 'डास' म्हणतो, 'ताई' लावायचेही कष्ट घेत नाही.

"मॅडम, मला कुठे लिहिता येतंय?"

"दिवसभर टेबलावर बोलतेस ना, तेच लिही. लोकांच्या भाषेत. फक्त टोमणे गाळ."

टोमणे गाळले तर चार पानंही भरायची नाहीत. गाळलेले टोमणे कुठेतरी जायला हवेत, म्हणून ही दुसरी वही. ही माझी. ही कुणी तपासणार नाही.

३ मार्च, मंगळवार

अण्णांना सांगितलं. चूक केली.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे बाकीचे लोक पेपर वाचतात आणि अण्णा पेपरातल्या वेलांट्या वाचतात. औषधाच्या बाटलीवरचं लेबलही हातात लाल पेन घेऊन वाचणारा माणूस. मी पुस्तिका लिहितेय म्हटल्यावर त्यांचे डोळे असे चकाकले, की मला पुढचा महिना स्वच्छ दिसला.

"प्रूफं माझ्याकडे," ते म्हणाले. "बाहेर द्यायची नाहीत."

बरंच झालं म्हणा. माणसाला काम हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचा ताल बिघडला. ठोके पडतात, पण नवशिक्याने तबला बडवावा तसे. अशा हृदयात रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की गुठळी होते, आणि गुठळी सुटली की थेट मेंदूत. म्हणून सकाळ-संध्याकाळ रक्त पातळ करायची एकेक गोळी. एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. मी दर रविवारी चौदा कप्प्यांचा डबा भरते आणि रोज कप्पे रिकामे झाले का ते बघते. बाकी कशात नसले तरी ह्या बाबतीत मी शिस्तीची आहे.

५ मार्च, गुरुवार

लेखन चालू. आजचे प्रश्न, जसेच्या तसे:

एक गृहस्थ: "माझा गट निगेटिव्ह आहे. स्वभावावर परिणाम होतो का?" त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती. तिने माझ्याकडे फार आशेने पाहिलं.

एक तरुण: "शाकाहारी माणसाला मांसाहारी माणसाचं रक्त चालतं का?" चालतं. रक्त स्वतः जेवत नाही.

एक बाई: "नवऱ्याचं नि माझं रक्त जुळत नाही, म्हणून आमची भांडणं होतात का हो?" नाही बाई. माझं नि ह्यांचं गटासकट सगळं जुळतं, तरी काल टॉवेलवरून झालीच.

एक आजोबा: "शिरा निळ्या दिसतात, मग रक्त लाल कसं?" हा प्रश्न चांगला होता. त्वचेतून दिसताना तसं भासतं, आत रक्त लालच असतं, कधी गडद, कधी उजळ. आजोबा म्हणाले, "म्हणजे राजाचंही लालच?" मी म्हटलं, राजा आला की टोचून सांगते.

आणि सगळ्यात जास्त वेळा, दिवसातून पाचदा तरी: "माझं रक्त पातळ झालंय का?" भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, शिकलेलेही विचारतात. त्यांना म्हणायचं असतं, की रक्तातलं लोह कमी झालंय का. पण 'हिमोग्लोबिन' म्हणायला गेलं की जिभेला गाठ बसते, त्यापेक्षा 'पातळ' सोपं. मॅडमनी सांगितलंच आहे लोकांच्या भाषेत लिही. म्हणून पान तीनवर लिहिलं:

"प्रश्न: रक्त पातळ होणे म्हणजे काय? उत्तर: रक्तातील लोह व तांबड्या पेशी कमी झाल्या की रक्त पातळ होते. हा आजार आहे. दम लागतो, थकवा येतो. याकडे दुर्लक्ष करू नये."

वाचून बघितलं. काय सुटसुटीत जमलंय! स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

९ मार्च, सोमवार

सोळा पानं पूर्ण. पान सातवर औषधांचं लिहिलं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तदान करू नये, पण गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये वगैरे. गठ्ठा अण्णांच्या हवाली केला.

त्यांनी टेबल खिडकीकडे सरकवलं, चष्मा पुसला, लाल पेन आणि पेन्सिल शेजारी शेजारी ठेवली. त्यांची पद्धत मला लहानपणापासून पाठ आहे. लाल पेन चुकीसाठी. पेन्सिल शंकेसाठी. चूक प्रूफवाला सुधारतो, शंका लेखकाने सोडवायची असते. आणि लेखकाचं उत्तर येईपर्यंत मजकूर थांबवायचा. 'शंका आहे तिथे थांब', हा त्यांच्या छापखान्याचा कायदा. एकदा एका वेळापत्रकात गाडी सुटायच्या आधी पोचत होती, तेव्हा अण्णांनी अख्खी छपाई दोन दिवस रोखली होती. मालक लालबुंद झाला, पण अण्णांनी पेन्सिलीचा शेरा खोडला नाही. ही गोष्ट मी किमान दोनशे वेळा ऐकली आहे.

त्यांचा दुसरा कायदा म्हणजे बोललेल्या शब्दावर विश्वास नाही. छापलेला असेल तर पाहू.

१२ मार्च, गुरुवार

गठ्ठा परत आला. पानांना गोवर आलाय असं वाटलं. लाल, लाल, लाल. मी मोजायला घेतलं आणि नव्वदनंतर सोडून दिलं.

"अगं, 'चुक' काय लिहितेस?" अण्णा म्हणाले. "एक असेल तर चूक, दीर्घ. अनेक असल्या तर चुका, ऱ्हस्व. चौथीत शिकवतात."

"मग माझ्या सगळ्या ऱ्हस्वच आहेत अण्णा. अनेक आहेत."

हसले नाहीत. व्याकरणावर विनोद केलेला त्यांना चालत नाही.

पेढीत टायपिस्टला पानं दिली. ती म्हणाली, "लालचं करते. हे पेन्सिलीचं काय करू? समासात बरंच लिहिलंय."

मी म्हटलं, "पेन्सिलीचं राहू दे. अण्णांचे उपदेश असतात. एकदा वाचायला बसलं की जन्म जाईल."

१३ मार्च, शुक्रवार

रात्रीच्या जेवणाआधी अण्णांनी विचारलं, "पेन्सिलीचं बघितलंस का?"

"बघते," म्हटलं.

"पान तीन आणि पान सात."

"बघते म्हटलं ना, अण्णा."

मग थोड्या वेळाने, अगदी सहज, कोथिंबिरीची काडी निवडावी तसं त्यांनी विचारलं, "रक्त पातळ असणं वाईटच ना?"

मी मोबाईलवर शिबिराची यादी बघत होते. म्हटलं, "वाईटच. पातळ काय चांगलं असतं? पातळ चहा तरी आवडतो का तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. आणि पाणी घ्यायला उठले. हल्ली अण्णांशी वाद लवकर संपतात, वय झालं बहुतेक.

१६ मार्च, सोमवार

अण्णांनी नवऱ्याकडून दोन किलो बीट आणवलं. दोन किलो! सकाळी बीट, संध्याकाळी बीट. स्वयंपाकघराचा ओटा एखाद्या गुन्ह्याची जागा असावी तसा दिसतोय. नवरा फ्रिज दुरुस्त करतो, त्याला थंड डोक्याने बोलायची सवय आहे. तो म्हणाला, "डास, तुझ्यासाठी पिकवत असतील. तुला लागतं ना ताजं."

मी अण्णांना सांगितलं, बीट लाल असतं म्हणून त्याचं रक्त होत नाही. पान पाचवर लिहिलंय. ते म्हणाले, "पान पाचवर 'फारसे' लिहिलंयस. 'फारसे होत नाही' म्हणजे थोडं होतं." बोला आता.

गोळ्यांचा डबा बघितला. कप्पे रिकामे. शाबास.

१८ मार्च, बुधवार

सकाळी अण्णा बाथरूममधून विजयी मुद्रेने बाहेर आले. हनुवटीवर कागदाचा कपटा.

"दाढी करताना कापलं," ते म्हणाले, "आणि बघ! लगेच थांबलं. पूर्वी अर्धा अर्धा तास कापूस धरून बसायचो."

खरंच थांबलं होतं. हातावरचे ते निळे-जांभळे डागही पुसट झालेत. कुठे जरा आपटलं की उठायचे. मी म्हटलं, "बीट लागू पडलं म्हणायचं. मॅडमना सांगते, पेढी बंद करून भाजीचं दुकान टाकू."

"घट्ट होत चाललंय," अण्णा समाधानाने म्हणाले.

आज पेढीत एक सहा फुटी पैलवान सुई बघूनच आडवा झाला. पडता पडता माझं टेबल घेऊन गेला. शुद्धीवर आल्यावर त्याचा पहिला प्रश्न: "किती काढलं?" अजून काहीच नाही रे बाबा. हा प्रश्न पुस्तिकेत घालावा का, विचार करतेय.

२० मार्च, शुक्रवार

दुसरं प्रूफ आलं. टायपिस्टने घाईत नवीन चुका घातल्यात असं दिसतंय, पण त्यासाठी अण्णा आहेत. पानं त्यांना दिली. त्यांनी सगळ्यात आधी पान तीन काढलं, मग पान सात. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हे तसंच आहे."

"अहो अण्णा, सोमवारी छापायला जायचंय. तुमच्या एका शंकेसाठी आता सगळं थांबवायचं का?"

"मी माझ्यापुरतं थांबवलंय."

"थांबवा," मी म्हटलं. "तुम्ही थांबवा, मी चालवते."

रविवारी पानं देतो म्हणाले. जरा तोंड पाडलं होतं. होईल ठीक.

२२ मार्च, रविवार

हॉस्पिटलात आहे. अण्णा. नंतर लिहीन.

२३ मार्च, सोमवार

बाकावर बसून लिहितेय. कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि नुसतं बसवतही नाही. क्रमाने लिहिते.

काल सकाळी साडेनऊला चहा घेऊन अण्णांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी, प्रूफं पुढ्यात, हातात लाल पेन. पहिलं पान कोरं. एक खूण नाही.

"काय अण्णा, चुका संपल्या माझ्या?"

"छान," ते म्हणाले.

अण्णा छान म्हणत नाहीत. माझ्या लग्नातही म्हणाले नव्हते, ठीक म्हणाले होते. मी पानावर वाकून बघितलं. पहिलीच ओळ: 'मानवी शरिरात सुमारे पाच लिटर रक्त असते.' शरिर. री ऱ्हस्व. ढळढळीत, पहिल्या ओळीत, दुसराच शब्द. आणि अण्णांनी तो सोडला होता.

"अण्णा, हे बघा. हे बरोबर आहे का?"

त्यांनी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "हा चमचा... चालत नाही." आणि पेन बोटांतून निसटलं. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती.

बावीस वर्षं मी लोकांना शांतपणे सांगत आलेय, घाबरू नका, झोपा, पाय वर करा. काल मी किंचाळले. नवऱ्याने गाडी काढली. मी जाता जाता अण्णांची औषधांची चिठ्ठी पर्समध्ये टाकली. मग त्याला म्हटलं, तू घरी थांब, फोनजवळ, काही लागलं तर सापडायला हवं. शेजारच्या काकांनी गाडी चालवली. दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. 

डोक्याचा स्कॅन झाला. तरुण डॉक्टरीणबाई आल्या, भरभर बोलत होत्या. मेंदूत गुठळी अडकली आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण वेळेत द्यावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.

"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"

"आहे."

"शेवटची कधी घेतली?"

मी शिस्तीची. मी छातीठोकपणे सांगितलं, "आज सकाळी आठ वाजता. रोज घेतात. एकही चुकवत नाहीत, मी स्वतः डबा बघते."

त्यांचा चेहरा पडला. "मग हे इंजेक्शन नाही देता येणार. दोन्ही मिळून मेंदूत रक्तस्राव होईल."

तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. अण्णांचा डावा हात. उजवा नुसता पडला होता. तोंडातून शब्द येत नव्हता, नुसता 'प... प...' असा आवाज. माझ्या हातात औषधांची चिठ्ठी होती. त्यांनी त्या गोळीच्या नावावर बोट टेकवलं, नावावरून आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या शेवटी एक वेटोळं काढलं. परत. परत तेच. रेघ आणि वेटोळं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झटका येतोय का?"

झटका नव्हता. ती खूण मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले आहे. लहानपणी माझ्या चित्रांवरही अण्णांनी ती केली होती. ती काढून टाकायची खूण आहे. हा शब्द गाळा.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ते सांगताहेत की गोळी घेतली नाही."

"तुम्ही आत्ताच म्हणालात रोज घेतात."

"मी म्हणाले. ते नाही म्हणताहेत."

घरी फोन लावला. नवऱ्याला म्हटलं, गोळ्या घेतल्या नसतील तर कुठेतरी ठेवल्या असतील, अण्णांचा ड्रॉवर उघड, पेनांचा. तो म्हणाला, "एक पाकीट आहे. वर पेन्सिलीने लिहिलंय." वाच. त्याने वाचलं: "चौदा तारखेपासून थांबवले. उत्तर येईपर्यंत. पान तीन / पान सात." आत? "गोळ्या आहेत. सतरा."

चौदापासून एकवीसपर्यंत रोज दोन, आणि बावीसची सकाळ. मोजणीतही अण्णांनी चूक केली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तरी खात्री म्हणून रक्त गोठायची चाचणी करून घेतली. ती आमच्याच धंद्यातली चाचणी, रक्त मी काढू का विचारलं, त्यांनी मला सरळ बाहेर बसवलं. चाचणी साफ आली. इंजेक्शन दिलं.

दाढीचं रक्त लगेच का थांबलं, ते मला बाहेरच्या बाकावर कळलं. शिकाऊ पोरीलाही तेव्हाच कळलं असतं. मी त्यावर भाजीच्या दुकानाचा विनोद केला होता.

दुपारी मॅडमना फोन करून सांगितलं, छपाई थांबवा. का, त्यांनी विचारलं. एक शंका आहे, म्हटलं.

२५ मार्च, बुधवार

अण्णा वाचले. उजवा हात हलतो, पण दुबळा आहे. बोलतात, शब्द शोधत शोधत. काल मला 'टेबल' म्हणाले, मग स्वतःच वैतागले. मी म्हटलं चालेल, डासापेक्षा बरं आहे.

वाचायचं मात्र जमत नाही. पेपर दिला, तर त्यांनी बराच वेळ बघितला आणि घडी घालून उशाखाली ठेवला. डॉक्टरीणबाई म्हणतात, अक्षरं हळूहळू परत येतील, कदाचित सगळी नाही येणार. गोळी परवापासून परत सुरू करायची आहे. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी मान फिरवली. ह्या माणसाला मरणाच्या दारातून ओढून आणलं, तरी शंका शिल्लक आहे.

पेढीत जाऊन पहिलं प्रूफ मागून घरी आणलं. टायपिस्टने जपून ठेवलं होतं, बिचारीने. पान तीनच्या समासात, पेन्सिलीने, अण्णांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात:

"[?] येथे 'पातळ रक्त' हा आजार म्हटला आहे. पान ७ वर रक्त पातळ करण्याची गोळी बंद करू नये म्हटले आहे. आजार होण्यासाठी गोळी घ्यावयाची काय? दोन्हींपैकी एक चुकीचे. लेखिकेने खुलासा करावा."

आणि खाली, बारीक अक्षरात: "मी स्वतः ही गोळी घेतो. कृपया लवकर."

'कृपया' लिहिलं होतं. मला. मी ते पान घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि रडले. नवरा आला, उरलेलं बीट उचलून बाहेर टाकून आला.

२८ मार्च, शनिवार

शिबिर झालं, पुस्तिकेविना. सगळे प्रश्न तोंडानेच झेलले. "माझं रक्त पातळ आहे का?" असं आज अकरा जणांनी विचारलं. प्रत्येकाला खुर्चीवर बसवून विचारलं, पातळ म्हणजे तुम्हाला काय म्हणायचंय? थकवा येतो, की गोळी चालू आहे? अकरातले दोघे गोळीवाले निघाले. त्यातल्या एका मावशी म्हणाल्या, "हो बाई, घेते. पण अधूनमधून सोडते, फार पातळ नको व्हायला."

मॅडम मागे उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी मला चहा आणून दिला. स्वतः.

अण्णांनी गोळी घेतली नाही. नर्स देते तेव्हा ओठ मिटतात. आज मी खूप चिडले, ओरडले. काय हवंय तुम्हाला? त्यांनी डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. मग लक्षात आलं. तोंडी उत्तर त्यांच्या कायद्यात बसत नाही.

२९ मार्च, रविवार

सकाळी पहिल्या प्रूफचं तेच पान घेऊन गेले. त्यांच्या शंकेखाली, त्यांच्यासमोर, पेनाने लिहिलं. लिहिलं ते असं:

"खुलासा: पान ३ वर 'पातळ' म्हणजे लोह कमी. पान ७ वर 'पातळ' म्हणजे गुठळी न होणारे. गोळीने रक्त कमी होत नाही, पाण्यासारखेही होत नाही, फक्त लवकर गोठत नाही. एकच शब्द दोन अर्थांनी वापरला. दोन्ही ठिकाणचा 'पातळ' काढून टाकत आहे. गोळी घ्यावी. तुम्ही विचारले होते, मी वाचले नाही. माझी चुक झाली. – लेखिका"

पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. वाचून दाखवू का विचारलं. त्यांनी मान हलवली, नको. डाव्या हाताचं बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि निघाले. एकेका अक्षरावर थांबत. 'खु' वर कितीतरी वेळ. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण बघवत नव्हतं. नर्स येऊन ताप बघून गेली, जेवणाचं ताट आलं, गार झालं. पाऊण तास झाला असेल.

मग त्यांनी माझ्याकडे हात पसरला.

"ला...ल," म्हणाले.

पर्समधून लाल पेन काढून दिलं. त्यांनी ते डाव्या हाताच्या मुठीत धरलं, पोरं धरतात तसं, आणि शेवटच्या ओळीतल्या एका शब्दाभोवती वाकडंतिकडं वर्तुळ काढलं. 'चुक'. खरं सांगते, मुद्दाम केलं नव्हतं. मला कधीच येत नाही.

"चुका... ऱ्हस्व," अण्णा म्हणाले. घाम आला होता त्यांना. "एक... एकच असली... तर दीर्घ."

"एकच होती, अण्णा," मी म्हटलं.

"हं. मग... दीर्घ."

त्यांनी स्वतःच उकार मोठा केला, तो पार खालच्या ओळीत गेला. मग कोपऱ्यात, छापखान्यात शेवटच्या प्रूफवर लिहायचे तसं, दोन शब्द लिहायला घेतले. दहा मिनिटं लागली. 'हरकत नाही.' मग पेन ठेवलं आणि गोळीसाठी हात पुढे केला.